आकडा सांगायचा नाही

इकोताईच्या खोलीत शिरलेला माणूस आधी मशीनकडे बघतो, मग तिच्या तोंडाकडे, आणि मग शेवटपर्यंत तोंडाकडेच. पडद्यावरचं काळं-करडं त्याला काही कळत नाही. त्यात हृदय कुठलं आणि नुसता धुरळा कुठला, हे कळायला खुद्द इकोताईला दीड वर्ष लागलं होतं. पण समोरच्याचं तोंड वाचायला कुणाला शिकावं लागत नाही. म्हणून या कामात पहिल्याच दिवशी बजावतात: भुवई हलवायची नाही, 'अरेरे' म्हणायचं नाही, 'छान' तर मुळीच म्हणायचं नाही. श्वास घ्या, सोडा, धरा, एवढंच बोलायचं. आकडा आपण सांगायचा नाही, तो डॉक्टर सांगतील.

एकवीस वर्षं तिनं हा नियम पाळला. हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, काढता काढता तिचं खरं नाव मागे पडलं आणि ती सगळ्यांची इकोताई झाली. छातीवर गार जेली लावून, बरगड्यांच्या मधून डोकावून तिनं हजारो हृदयं बघितली असतील. दर ठोक्याला डावा कप्पा आतलं किती रक्त बाहेर फेकतो, ते ती मोजायची. धडधाकट माणसाचा कप्पा निम्म्याहून जास्त फेकतो, पंचावन्न, साठ टक्के. आकडा तिसाच्या खाली उतरला की माणसाला जिना चढवत नाही, आणि विसाच्या खाली गेला की बोलता बोलता धाप लागते. हा आकडा काढताना तिचं तोंड पुसलेल्या पाटीसारखं कोरं असायचं. बायका तिला बाहेर गाठून विचारायच्या, "ताई, तुम्ही तरी सांगा." ती म्हणायची, "डॉक्टर सांगतील, बसा." माणसं तिला दगड म्हणायची, आणि ते तिला चालायचं.

तिचा नवरा लाकडाला पॉलिश करायचा. कपाटं, टेबलं, दारं. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापसाचा बोळा मऊ कापडात गुंडाळायचा आणि हलक्या हातानं गोल गोल फिरवत राहायचं. एका टेबलाला चार-चार दिवस. त्याच्या हाताला अशी नजाकत होती की गिऱ्हाईक टेबल बघायच्या आधी टेबलात स्वतःला बघून केस सारखे करायचं. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. आणि मिस्त्री रोज प्यायचा.

आता 'रोज प्यायचा' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे गटारात लोळणारा माणूस येतो. तसलं काही नव्हतं. त्यानं कधी बायकोवर हात उगारला नाही, कधी कामाला खाडा केला नाही, कधी शिवी दिली नाही. संध्याकाळी हात-पाय धुऊन तीन ग्लास, सुट्टीच्या दिवशी चार-पाच, पंचवीस वर्षं. आल्यागेल्याला सगळे सांगायचे, 'घेतो, पण बेतानं.' त्या बेताचं सगळ्यांना भारी कौतुक. धाकटा दीर तर वर म्हणायचा, "वहिनी, थोडी हृदयाला बरी असते. मी कुठंतरी वाचलंय." हे कुठंतरी वाचणारे लोक भाजीबद्दल कधी काही वाचत नाहीत, हे एक नवलच आहे.

इकोताई पेशंटला रोज एक प्रश्न विचारायची, "झोपताना उशा किती लागतात?" हृदय थकलं की आडवं झाल्यावर छातीत पाणी चढतं, माणसाला उंच टेकून झोपावं लागतं. उशा मोजल्या की निम्मं निदान होतं. घरी मिस्त्रीनं दुसरी उशी मागितली तेव्हा तिनं दिली. तिसरी मागितली तेव्हा तिनं स्वतः अभ्रा बदलून दिली. बुटात पाय जाईनात तर म्हणाली, "एक नंबर मोठे घ्या." दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. एक दिवस तो दुसऱ्या मजल्यावर कपाटाचं माप घ्यायला गेला आणि जिन्यातच खाली बसला, तेव्हा कुठं तिला लख्ख दिसलं की आपण काय बघत होतो.

इको तिनंच काढला. डावा कप्पा फुगून सैल झाला होता, पिळायचं सोडून नुसता थरथरत होता. पंचवीस टक्के. मोठ्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. रक्तवाहिन्या मोकळ्या होत्या, कुठं अडथळा नव्हता. ते चष्मा काढून म्हणाले, "मिस्त्री, तुमच्या हृदयाच्या नळ्या चांगल्या आहेत. स्नायू दारूनं सैल पडलाय, प्रेशरही वाढवून ठेवलंय तिनंच. त्यातल्या त्यात नशीब एवढंच की हा प्रकार कधी कधी मागे फिरतो. गोळ्या घेतल्या आणि दारू सोडली तर. कमी करून चालणार नाही, पूर्ण सोडायची."

"सणासुदीला एखादी..."

"माणूस सणासुदीला एखाद्या वेळी विहिरीत पडला तरी बुडतोच."

पहिला आठवडा त्याला दवाखान्यातच ठेवलं, कारण इतक्या वर्षांची सवय एकदम तोडली की अंग उलटतं. हात कापायचे, घाम सुटायचा, भिंतीवर मुंग्या दिसायच्या. त्या आठवड्यात त्यानं तिला विचारलं, "माझा आकडा किती?" डॉक्टरांनी त्याला आकडा सांगितलाच नव्हता, तो नातेवाईक म्हणून फक्त तिच्याशी बोलले होते. इतर कुणी विचारलं असतं तर ती 'डॉक्टर सांगतील' म्हणाली असती. पण हा तिचा नवरा होता आणि त्यानं घाबरावं असं तिला मनापासून वाटत होतं. तिनं सांगितलं, "पंचवीस." शंभरातले का, असं त्यानं विचारलं. शंभरातले नाही, साठातले, असं तिनं समजावलं. घरी आल्यावर त्यानं कामाच्या खोलीतल्या भिंतीवर सुताराच्या पेन्सिलीनं मोठ्ठा २५ लिहिला आणि कामाला लागला.

आणि सोडली की त्यानं! जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणणाऱ्यांच्या तोंडात त्यानं मारली. तीन महिने थेंब नाही. संध्याकाळ झाली की घरातल्या घरात येरझाऱ्या घालायचा, उगाच भांडी घासायचा, साखरेचे बकाणे भरायचा. चिडचिड इतकी की इकोताईला वाटायचं, पीत होता तेव्हा माणूस गोड होता. मग हळूहळू निवळला. तिसरी उशी गेली, दुसरी गेली. पायांवरची सूज उतरली आणि घोट्याची हाडं परत दिसायला लागली. एकदा तो तिच्याबरोबर भाजी आणायला चालत आला आणि पिशवी त्यानं उचलली. ती मागे राहून डोळे पुसत चालली. इतकी सुखी ती लग्नातही नव्हती.

त्याच आठवड्यात तिनं ते बोलणं ऐकलं. दीर आला होता. ती आत कणीक मळत होती आणि बाहेर दोघे भाऊ बोलत होते.

"बायको म्हणते, आकडा वाढतो," मिस्त्री सांगत होता. "आपण ठरवलंय. चाळीस झाला की एक छोटा ग्लास. तुझ्यासोबतच घेईन. एवढं कष्टानं मिळवलंय, साजरं नको करायला?"

"चाळीस म्हणजे पास का रे, दादा?"

"पस्तीसला पास. चाळीस म्हणजे पास होऊन वर पाच."

दोघे हसले. इकोताईचे हात कणकेत तसेच राहिले. तिला एक ग्लास दिसलाच नाही. तिला त्याच्या मागून येणारे तीन दिसले, सुट्टीचे पाच दिसले, तिसरी उशी दिसली. पंचवीस वर्षं तिनं 'एक छोटा' हे शब्द ऐकले होते, आणि एक आणि छोटा, दोन्ही खोटं असतं हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार?

डॉक्टरांची तपासणी सहा महिन्यांनी होती. पण मिस्त्रीला धीर निघेना. "तुझं मशीन, तुझी खोली. बघ की एकदा," असं रोज टुमणं. शेवटी एका दुपारी, डॉक्टर जेवायला गेल्यावर, तिनं त्याला बोलावून घेतलं. तो डाव्या कुशीवर झोपला, हात डोक्याखाली घेतला. त्याच्या अंगाला नेहमीसारखा स्पिरिटचा वास होता. तिनं जेली लावली.

कप्पा लहान झाला होता. भिंती आत येत होत्या, सगळ्या बाजूंनी, मूठ वळल्यासारख्या. झडपा टपाटप उघडत-मिटत होत्या. तिनं दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं. एक्केचाळीस. तिला ओरडावंसं वाटलं, त्याच्या उघड्या छातीवर डोकं ठेवून रडावंसं वाटलं. आणि त्याच क्षणी तिला 'चाळीस झाला की' ऐकू आलं. एकवीस वर्षांची सवय कामाला आली. तिची भुवई हलली नाही.

"किती?" त्यानं विचारलं.

"सव्वीस," ती म्हणाली.

तिनं दिलेल्या कागदानं त्यानं छाती पुसली, पुसत राहिला, जेली संपली तरी पुसत राहिला. मग शर्टाची बटणं लावत म्हणाला, "एकच वाढला होय?"

"वेळ लागतो. आणखी नेटानं करायचं."

तो गेल्यावर तिनं मशीनवर बोट ठेवलं. ही नोंद पुसून टाकायला हवी होती. पण ते चित्र पुसायला तिचा हात धजेना. एवढं सुंदर काही तिनं त्या पडद्यावर आधी बघितलं नव्हतं. तिनं नोंद तशीच ठेवली, आणि आपण नवऱ्याला वाचवलं, असं स्वतःला बजावत पुढच्या पेशंटला हाक मारली.

ही चूक दुसऱ्या कुणाला करताच आली नसती. शेजारच्या बाईनं खोटं सांगितलं असतं तर मिस्त्रीनं हसण्यावारी नेलं असतं. पण आख्ख्या गावाची हृदयं मोजणाऱ्या बायकोनं आकडा सांगितल्यावर त्यावर शंका कशी घ्यायची?

पुढे महिनाभर सगळं ठीक वाटलं. तो गप्प असायचा, पण तो मुळातच बडबड्या नव्हता. वासाचं म्हणाल तर इथं खरी मेख होती. दुसऱ्या बायकांना नवरा दारात आला की कळतं. हिच्या नवऱ्याला गेली तीस वर्षं स्पिरिटचाच वास होता, पीत असताना, सोडल्यावर, आंघोळ केल्यावरसुद्धा. तिचं नाक कधीच निकामी झालं होतं. कळलं ते वजनानं. डॉक्टरांनी रोज सकाळी वजन करायला सांगितलं होतं, कारण अंगात पाणी साठलं की काटा आधी बोलतो. एका आठवड्यात तीन किलो वाढलं. त्या रात्री त्यानं न मागताच दुसरी उशी घेतली.

दुसऱ्या दिवशी ती दुपारची सुट्टी टाकून त्याच्या कामाच्या खोलीवर गेली. दार उघडंच होतं. टेबल अर्धवट पॉलिश केलेलं, बोळा वाळून कडक झालेला. मिस्त्री स्टुलावर बसला होता आणि चहाच्या कपातून पीत होता. त्यानं कप लपवला नाही. भिंतीवर २५ च्या खाली २६ लिहिलेलं होतं, त्याच पेन्सिलीनं, पण बारीक.

"अहो, हे काय?"

"बस," तो म्हणाला. "ओरडू नकोस, धाप लागते. तूच सांग, तीन महिन्यांत एक. साठाला जायला किती वर्षं लागतील? मी हिशेब केला. आठ वर्षं आणि वर काही. आठ वर्षं माझी ही हृदयाची चिंधी टिकणार आहे का? तू तर बघितलीस."

"वेळ लागतो म्हटलं ना मी."

"तू म्हणणारच. पण मी तुझं तोंड बघत होतो गं. एवढं कोरं. तुझ्या पेशंटच्या बायका म्हणतात ते खरंय, तुझं तोंड कोरं असलं की समजायचं, काही खरं नाही." त्यानं कप उचलला. "मरायचंच आहे तर कोरड्या घशानं कशाला?"

त्या वेळी सांगायला हवं होतं. असं मीही म्हणेन, तुम्हीही म्हणाल, आणि तिलाही ते कळत होतं. शब्द ओठांवर आले होते. पण त्याच्या हातात कप होता. एक्केचाळीस होता म्हटलं तर हा म्हणणार, मग बरंच झालं की, चाळीसच्या वर होतो तर साजरंच करत होतो म्हण. आणि शिवाय तो आकडा आता राहिला होता कुठं? महिनाभर पिऊन किती उरलाय कुणास ठाऊक. तिनं ठरवलं, आधी परत इको काढू, चांगला निघाला की सगळं सांगून टाकू, पाय धरू. तिनं कप काढून घेतला, बाटली मोरीत ओतली, रडली, त्याला घरी आणलं.

पण तो इकोला येईना. "काय बघायचंय?" म्हणायचा. "सत्तावीस?" डॉक्टरांकडेही येईना. ती बाटल्या ओतत राहिली आणि तो आणत राहिला. गोळ्या कधी घ्यायचा, कधी नाही. दीर आला तेव्हा तो त्याला म्हणाला, "वहिनीला बोल लावू नको, तिनं फार केलं." हे ऐकून ती आत जाऊन भिंतीला डोकं टेकून उभी राहिली. रोज सकाळी ती म्हणायची, आज सांगते. रोज त्याच्याकडे बघितलं की तिला भीती वाटायची, की आपण सांगू आणि हा आपल्याकडे बघेल. त्या बघण्याला ती भ्याली. असे दोन महिने गेले.

मग एका सकाळी त्याला बटण लावता लावता धाप लागली आणि ओठ निळे दिसले. दीर आणि ती त्याला दवाखान्यात घेऊन आले. डॉक्टरांनी सुई देऊन अंगातलं पाणी काढलं, जरा स्थिर झाल्यावर म्हणाले, इको करा. दुसरा कुणी इको काढणारा त्या दवाखान्यात नव्हता. चाकांच्या खुर्चीतून तिनंच त्याला आपल्या खोलीत आणलं. त्याला सपाट झोपवत नव्हतं, खुर्चीतच अर्धवट टेकवून तिनं जेली लावली.

पडद्यावर एक मोठी सैल पिशवी होती. ठोके लयीतच नव्हते, कधी दोन घाईनं, मग एक लांब थांबा. कप्प्याच्या टोकाला रक्ताची गुठळी धरायला लागल्यासारखं काहीतरी होतं. तिनं मोजलं. अठरा.

तेवढ्यात डॉक्टर आत आले. मागच्या वेळेशी ताडून बघायला त्यांनी स्वतःच जुन्या नोंदी उघडल्या. पंचवीसची नोंद त्यांना ठाऊक होती. तिच्या खाली दुसरी होती. ते वाकून बघायला लागले.

"हे काय? तीन महिन्यांनी काढलेला दिसतोय. एक्केचाळीस?" त्यांचा आवाजच बदलला. "अहो ताई, हे तर सुरेख मागे फिरत होतं! मला बोललाही नाहीत. मग मध्ये झालं काय?"

डॉक्टरांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा मिस्त्रीकडे, आणि शहाण्या माणसासारखे म्हणाले, "बाहेर या तुम्ही, बोलू." ते गेले.

"एक्केचाळीस म्हणजे बरा असतो का गं?" मिस्त्रीनं विचारलं.

"बरा असतो." आता तिला लपवायचं काही नव्हतं. "तसेच राहिला असतात तर वर्षभरात पन्नास झाला असता. तुम्ही भावाला म्हणालात, चाळीस झाला की एक ग्लास. मी ऐकलं. म्हणून मी..." तिनं पडद्यावरच्या त्या नोंदीवर बोट ठेवलं. "मी मारलं तुम्हाला."

तो बराच वेळ श्वास गोळा करत होता. ती त्या बघण्याची वाट बघत होती. पण तो तिच्याकडे बघून चक्क हसला. गेल्या दोन महिन्यांत न बघितलेलं हसू होतं ते.

"म्हणजे मी जिंकत होतो," तो म्हणाला. "तीन महिन्यांत सोळा वाढवले मी. काय?" आणि मग, "आज किती?"

"अठरा."

"खरं सांग."

"खरंच अठरा."

"हां हां. त्या वेळी एक्केचाळीसचे सव्वीस सांगितलेस." त्यानं बोटांवर काही मोजलं. "पंधरा कमी सांगतेस तू. म्हणजे आज तेहतीस. पंचवीसच्या वरच आहे की अजून!"

"अहो नाही. शपथेवर सांगते. हे बघा, इथं लिहून येतंय." तिनं पडदा त्याच्याकडे वळवला. पडद्यावर काळं-करडं काहीतरी हलत होतं आणि कडेला बारीक आकडे होते, दहा-बारा, एकाखाली एक.

"मला काय कळतंय त्यातलं. आणि कागदही तूच टाईप करतेस." त्यानं तिचा जेलीनं बरबटलेला हात धरला आणि थोपटला. तिची समजूत घालत होता तो. "घाबरवू नकोस आता. गरज नाही. मी सोडली, आजपासून सोडली बघ. तेहतीसवरून वर जायचंय, ते काही अवघड नाही."

दीर दारात आला. मिस्त्रीनं त्याला हातानं जवळ बोलावलं आणि धापा टाकत, पण खुशीत सांगितलं, "तेहतीस आहे रे. वहिनी अठरा म्हणते, पण तिचं मनावर घेऊ नको."

दिरानं तिच्या तोंडाकडे बघितलं. पहिल्यांदाच तिला ते कोरं ठेवता आलं नाही. दिराला कळलं, आणि त्यानं मान खाली घातली. मिस्त्री मात्र खुर्चीत सरसावून बसला होता आणि शर्टाचं वरचं बटण आपलं आपण लावायला बघत होता.